लाल गोलातला माणूस

१

पेटी उघडली तेव्हा आत निळी मखमल होती आणि मखमलीत मूर्तीच्या बैठकीचा खळगा होता. मूर्ती नव्हती.

लंडनजवळच्या स्लाऊच्या त्या कम्युनिटी हॉलमध्ये वैशाख पौर्णिमेची वंदना झाली होती, जेवणं उरकली होती, खिरीच्या पातेल्याचा तळ दिसला होता. मंडळाच्या सेक्रेटरी अलकाताई रामटेके पेटी गाडीत ठेवायला गेल्या. ती हलकी लागली म्हणून त्यांनी झाकण उघडलं आणि अशा ओरडल्या की पार्किंगपर्यंत पोचलेली माणसं परत आत आली. मुठीत मावेल एवढी पितळी बुद्धमूर्ती. बाजारात तिला कोणी विचारलं नसतं. पण दादासाहेब गजभिये तरुणपणी इथल्या कारखान्यात कामाला आले तेव्हा ती कोटाच्या खिशातून घेऊन आले, ही गोष्ट मंडळातल्या पोराटोरांनाही पाठ होती. मंडळ त्या मूर्तीभोवतीच उभं राहिलं होतं.

मधुमती त्या दिवशी तिथं नव्हती. ती लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात फोटोग्राफर आहे. लग्नबारशांचे नाही, ती जखमांचे फोटो काढते. भाजलेली कातडी, ऑपरेशनआधीचे गुडघे, भरत आलेले व्रण हे सगळं डॉक्टरांसाठी टिपून ठेवायचं. रंग खरा हवा, माप खरं हवं, बाजू खरी हवी. तिच्या थोरल्या बहिणीनं, रचनाताईनं, तिला मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतलं होतं. रचनाताई गेली, मधुमती ग्रुपवर तशीच राहिली. दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत तिनं फोन उघडला आणि तो फोटो समोर आला.

पुढे अलकाताई आणि त्यांच्या दोन मैत्रिणी हसत होत्या, सेल्फीच होता तो. मागे हॉलची भिंत आणि भिंतीला दोन दारं. डावीकडच्या दारातून चौकड्यांच्या शर्टातला एक माणूस खाली मान घालून बाहेर येत होता. त्याचा एक हात शर्टाखाली होता. त्याच्याभोवती कोणीतरी जाडजूड लाल गोल काढला होता, आणि खाली लिहिलं होतं की डावीकडचं दार स्टोअरचं, आणि मूर्तीची पेटी स्टोअरमध्येच होती.

मधुमतीला फोटो मोठा करून बघायची गरज पडली नाही. ती खांद्यात वाकलेली चाल तिच्या ओळखीची होती. ते शशिधरभाऊजी होते, रचनाताईचे यजमान.

संध्याकाळी अलकाताईंचाच फोन आला. "मधू, वाईट मलाही वाटतंय गं. पण तू यातली एक्स्पर्ट. तू फक्त एवढं सांग, की फोटो जेन्युइन आहे, कोणी एडिट केलेला नाही. शनिवारी कमिटी बसतेय, मग पोलिसांत देऊ. घरच्याच माणसानं सांगितलं की कोणी म्हणणार नाही आपण अन्याय केला."

मधुमतीनं मूळ फोटो मागवून घेतला आणि हॉस्पिटलातल्या मोठ्या पडद्यावर नीट तपासला. कोणीतरी खोडसाळपणा केलेला सापडावा अशी तिची फार इच्छा होती. पण फोटोला कोणी हात लावलेला नव्हता. तो जसा फोननं काढला तसाच होता.

२

शशिधरभाऊजी म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं सगळं करतात. आंघोळ, कपडे, औषधं, भरवणं. रचनाताईच्या शेवटच्या आजारात जे हातांना शिकावं लागलं, तेच पुढं त्यांनी पोटापाण्याला घेतलं. या कामात माणसाकडं परक्यांच्या घरांच्या किल्ल्या असतात. चोरीचा साधा संशय आला तरी काम देणारी एजन्सी त्याला घरी बसवते. मधुमती शुक्रवारी त्यांच्या फ्लॅटवर पोचली तेव्हा हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून त्यावर कोणी बोललं नाही.

चहा झाल्यावर तिनं सरळच विचारलं. "भाऊजी, तुम्ही त्या स्टोअरमध्ये गेला होतात?"

"नाही."

"मग कुठं होतात?"

"किचनमध्ये. खीर बुडाला लागली होती, पातेलं घासत होतो. दुसरं कोण घासणार? सगळे फोटो काढण्यात बिझी."

"आणि तो हात? शर्टाखाली काय धरलंय?"

"टॉवेल गं. कमरेला खोचला होता, हात पुसत बाहेर आलो." त्यांनी फोन तिच्याकडून घेतला आणि स्वतःचंच चित्र बराच वेळ बघितलं. "खरं सांगू का मधू, हा फोटो इतक्या वेळा बघितला मी, की आता मलाच वाटायला लागलंय मी स्टोअरमध्ये गेलो असेन."

माणसाचं काय होतं बघा, दहा जणांनी म्हटलं की तू तिथं होतास, की तो स्वतःच्या पायांवरही विश्वास ठेवत नाही.

तिनं फोटोतल्या दुसऱ्या दारावर बोट ठेवलं. उजवीकडच्या. तिथं दादासाहेबांच्या पत्नी, कांताबाई, उभ्या होत्या. डोक्यावर पदर, छातीशी कापडी पिशवी. घरी न्यायला थोडं जेवण बांधून घेतलं असावं असं बघणाऱ्याला वाटे. "या किचनच्या दारात आहेत. तुम्ही किचनमध्ये होतात तर यांनी तुम्हाला बघितलं असेल. मग त्यांनाच विचारू की."

"नको." शशिधरभाऊजी एकदम उठले आणि धुतलेले कप परत धुवायला लागले.

"का नको? त्या साक्ष देतील ना."

"त्यांना यात ओढू नकोस. मी त्यांना बघितलं नाही, त्यांनी मला बघितलं नाही. संपलं." नळ चालूच होता. "तू उद्याच्या गाडीनं लीड्सला जा, मधू."

इतकी वर्षं ती या माणसाला ओळखत होती. पातेल्याचं जे सांगितलं ते खरं होतं, हे तिला कळलं. आणि हे शेवटचं जे सांगितलं ते खोटं होतं, हेही कळलं.

३

सकाळी ती हॉलवर गेली. अलकाताई खुर्च्या मांडत होत्या आणि समर लॅपटॉप उघडून बसला होता. लाल गोल काढणारा तो हाच. समर इथंच जन्मलेला, ब्रॅकनेलला आयटीत. मनानं वाईट नाही, मंडळाचं काम हौसेनं करतो. पण त्याचं मत नेहमी तयार असतं. ते तो खिशात घेऊनच फिरतो.

"सी, मधुमतीताई, मी झूम केला. किती क्लिअर आहे! शर्टचा प्रत्येक लाइन दिसते. हा फोन लेटेस्ट आहे, फोन खोटी नाही बोलत."

"झूम केलं की फोन स्वतःच्या मनानं भर घालतो, समर. ती रेषा तिथं होतीच असं नाही."

"ओके, तो तुमचा ओपिनियन आहे. रिस्पेक्ट. पण एव्हरीवन कॅन सी."

मधुमतीचं आयुष्यभराचं काम आणि समरचा एका दुपारचा झूम, दोन्ही एकाच तागडीत बसली. तिला राग आला, पण राग दाखवायला ती आली नव्हती. "त्या दिवशी स्टोअरमध्ये कोण कोण गेलं होतं?" तिनं विचारलं.

अलकाताईंनी आठवून सांगितलं. पेटी त्यांनी स्वतःच आत नेली होती, पोरं बॉल खेळायला लागली म्हणून. समर प्रोजेक्टर ठेवायला गेला होता. पुष्करकाका कोट आणायला गेले होते. "पण आम्ही कशाला घेऊ गं? मी सेक्रेटरी. समरनं तर मूर्तीसाठी एवढी मेहनत घेतली. हे बघ ना."

त्यांनी एक छापील बोर्ड दाखवला. पुढच्या महिन्यात लंडनला एका प्रदर्शनात मूर्ती काचेच्या कपाटात ठेवायची होती, त्यासाठी समरनं तो बनवला होता. दादासाहेबांचा तरुणपणचा फोटो, आणि वर मोठ्या इंग्रजी आणि मराठी अक्षरांत मथळा, कोटाच्या खिशातून आलेला बुद्ध.

"त्या दिवशी जेवणाआधी सगळ्यांना दाखवला," समर म्हणाला. "लोकांनी क्लॅप केलं. दादासाहेब वॉज क्राइंग."

"कांताबाईंनीसुद्धा चष्मा लावून वाचला," अलकाताई म्हणाल्या. "कितीतरी वेळ वाचत होत्या. आनंद झाला असणार, नाही का? नवऱ्याचं एवढं नाव."

मधुमती भिंतीपाशी गेली. दोन्ही दारं एकाच रंगाची, एकाच मापाची, एकाच जातीच्या मुठींची. कौन्सिलनं हॉल बांधताना दोन्ही बाजू साच्यातून काढल्यासारख्या बांधल्या होत्या. भिंतीकडं तोंड केलं की डावीकडं स्टोअर आणि उजवीकडं किचन, हे मात्र खरं होतं. फोटोत शशिधर डावीकडंच होते.

"इथं त्या दिवशी अजून कोणी फोटो काढले?"

समर आणि अलकाताईंनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही हसले. "पुष्करकाकांनी. ते डबडं घेऊन फिरतात ना अजून, तो जुना कॉम्पॅक्ट," अलकाताई म्हणाल्या. "आम्ही सेल्फी काढत होतो, तर हे समोरून आमचाच फोटो काढत होते."

"मी बघितला तो. यूसलेस," समर म्हणाला. "कॅमेरा जुनी आहे. फोटोवर डेटसुद्धा राँग आहे, दहा वर्षांपूर्वीची."

"तोच सेल्फी काढत असताना?" मधुमतीनं विचारलं. पर्स तिनं आधीच खांद्याला अडकवली होती.

४

पुष्करकाका वाहाणे त्यांच्या कॅमेऱ्यावरून इतकी चेष्टा सोसून होते, की मधुमतीनं तो मागितल्यावर त्यांना आधी ही पण चेष्टाच वाटली. खिशात मावेल असा रुपेरी कॅमेरा. बटण दाबलं की घरघर करत भिंग बाहेर यायचं.

"बॅटरी काढली की तारीख विसरतो गं तो. मीही परत लावत नाही," काका ओशाळून म्हणाले. "समरनं सगळ्यांसमोर दाखवलं, की बघा, काकांची वैशाख पौर्णिमा दहा वर्षं मागं आहे. मग मी गप्प बसलो."

"तारीख चुकली म्हणून फोटो चुकत नाही, काका."

तिनं कॅमेऱ्यातलं कार्ड आपल्या लॅपटॉपला लावलं. फोटो खरोखर गरीब होता. फ्लॅशनं चेहरे पांढरेफटक पडलेले, मागचं सगळं अंधुक आणि दाणेदार. मधोमध अलकाताई, हात उंच करून फोन धरलेला. त्या हातामागं डावीकडचं दार पूर्ण झाकलं गेलं होतं. उजवीकडच्या दारात मात्र कोणीतरी होतं. चेहरा नव्हताच म्हणावा इतका धूसर. पण शर्टाच्या चौकड्या दिसत होत्या, आणि कमरेपाशी पांढरं काहीतरी लोंबत होतं.

टॉवेल.

तिनं अलकाताईंचा सेल्फी शेजारी उघडला. क्षण तोच होता, यात शंका घ्यायला जागा नव्हती. पिवळ्या साडीतल्या मैत्रिणीनं हसताना डोळे मिटले होते, दोन्ही फोटोंत मिटले होते. तिसरीच्या केसांतला गजरा सुटून कानावर आला होता, दोन्हीकडं आला होता. दोन्ही कॅमेरे भिंतीकडंच तोंड करून होते. आणि तरीही एका फोटोत शशिधर डावीकडं होते, दुसऱ्यात उजवीकडं.

"काका, ही पिवळ्या साडीतली बाई बघा. तुमच्या फोटोत अलकाताईंच्या कुठल्या बाजूला आहे?"

"या बाजूला. डावीकडं."

"आणि सेल्फीत?"

काकांनी चष्मा पुसला, परत लावला. "अरे! ही तर उजवीकडं गेली."

एका क्षणात बाया जागा बदलून उभ्या राहत नाहीत. दोन्हींतला एक फोटो खोटं बोलत होता. आणि कमिटीला विचारलं असतं, तर दहा वर्षं मागं असलेला, दाणेदार, फुकट गेलेला फोटो खोटा आणि फोनचा झकास उजळ फोटो खरा, असं एकमतानं ठरलं असतं.

५

हॉस्पिटलात मधुमतीच्या हाताखाली कोणी नवा आला, की ती पहिल्या दिवशी त्याला कॅमेरा देतच नाही. आधी बाजू शिकवते. हा डावा गुडघा, हा उजवा गुडघा. चित्र एकदा उलटं झालं आणि सर्जननं त्यावर विश्वास ठेवला, तर चांगला पाय कापला जाईल. म्हणून शरीरावर बाजू सांगणारी खूण ती आधी शोधते. तीळ, अंगठी, जुना व्रण, काहीही.

इथं खूण कुठली? फोटोत एकही अक्षर नव्हतं. ना पाटी, ना बोर्ड. अक्षर असतं तर समरलाही दिसलं असतं. दारं सारखी, भिंत कोरी. तिनं चेहऱ्यांवरून नजर खाली आणली आणि खांद्यांवर थांबवली.

काकांच्या फोटोत तिन्ही बायकांचे पदर डाव्या खांद्यावर होते, जिथं ते असायला हवेत. अलकाताईंच्या सेल्फीत तिघींचेही पदर उजव्या खांद्यावर होते.

मंडळातल्या पन्नासेक बायकांनी तो फोटो बघितला होता. रोज पदर लावणाऱ्या बायकांनी. आणि एकीलाही ते खटकलं नव्हतं. मधुमतीला आधी याचंच नवल वाटलं, आणि मग त्याचं कारण इतकं साधं निघालं की तिला हसूही आलं नाही. साडी नेसताना बाई आरशात बघते. आरशातली बाई कायम उलटीच असते. अलकाताईंचा फोटो आरशासारखा दिसत होता, म्हणून तो सगळ्यांना घरचा वाटला. शिवाय सगळ्यांच्या नजरा होत्या लाल गोलात. तिघींच्या खांद्यांकडं बघायला कोणाला सवड होती?

तरी तर्क तो तर्क. ती परत हॉलवर गेली आणि अलकाताईंना म्हणाली, "चला, इतक्या दिवसांनी भेटलो, एक सेल्फी होऊन जाऊ दे." अलकाताई सेल्फीला कधी नाही म्हणाल्या नाहीत. मधुमतीनं त्यांना मुद्दाम आगीच्या सूचनेच्या पाटीपुढं उभं केलं. फोटो फोनवर आला. पाटीवरची अक्षरं उलटी होती.

"हे असं कसं?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अगं, ती सेटिंग मीच करून घेतलीये. मिररची. नाहीतर फोटोत माझं तोंड वाकडं दिसतं. आरशात कसं, आपण आपल्यासारखे दिसतो." अलकाताई फोन पर्समध्ये टाकून खुर्च्यांकडं वळल्या. संध्याकाळी कमिटी बसायची होती.

मधुमती बाहेरच्या बाकावर बसली. आता फक्त एकच काम उरलं होतं, आणि तिला ते करावंसं वाटत नव्हतं. भाऊजी सुटणार होते. पण चित्र उलटवलं की एकच माणूस हलत नाही, सगळेच हलतात. तिनं फोनवर सेल्फी उघडला आणि चित्र उलटवायचं बटण दाबलं. शशिधर उजवीकडं गेले, किचनच्या दारात, टॉवेलला हात पुसत. आणि किचनच्या दारातल्या कांताबाई, डोक्यावर पदर, छातीशी पिशवी, स्टोअरच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

६

दादासाहेब पेपर वाचत होते. कांताबाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या, पाय स्टुलावर. त्यांचे गुडघे गेलेले, सकाळी शशिधर येऊन तेल लावून चोळून देईपर्यंत त्यांना उभं राहता येत नसे. मधुमतीला वाटलं होतं की त्यांना एकटीला गाठावं. पण या घरात कांताबाई एकट्या कधीच नसायच्या.

"कांताबाई, राग मानू नका. पौर्णिमेला पेटीतली मूर्ती तुम्ही घेतलीत का?"

"तोंड सांभाळून बोल!" दादासाहेबांनी पेपर आपटला. "कोणाशी बोलतेयस तू? चोर सापडलाय, त्याचा फोटो आहे!"

"तो फोटो उलटा आहे, दादासाहेब." तिनं सेल्फी दाखवला, काकांचा फोटो दाखवला, पदर दाखवले. दादासाहेबांना ते पटत नव्हतं, पण कांताबाई तिकडं बघतही नव्हत्या. त्यांनी मांडीवरची शाल बाजूला केली. पितळी मूर्ती त्यांच्या ओटीतच होती.

"घेतली नाही," त्या म्हणाल्या. "परत आणली."

मग त्या शांतपणे सांगत गेल्या, मूर्तीवरून अंगठा फिरवत. नागपूरला दीक्षा झाली त्या वर्षी त्यांच्या आईनं, विड्या वळून साठवलेल्या पैशांतून ही मूर्ती घेतली होती. घरातले जुने देव गेले होते, कोनाडा रिकामा होता. तिथं बसवायची ही पहिली वस्तू. दादासाहेब नोकरीसाठी आधी इकडं आले. कांताबाई मागून आल्या, एकट्या, एक शब्द इंग्रजी येत नव्हतं, आणि आईनं दिलेली मूर्ती त्यांनी वाटभर पोटाशी धरली होती.

"यांच्या खिशात कधी नव्हती ती. यांच्या खिशात रुमाल टिकत नाही."

"एकदा भाषणात बोलून गेलो," दादासाहेब खाली बघत म्हणाले. "टाळ्या पडल्या. मग दर वर्षी लोक तीच गोष्ट सांगा म्हणायचे. पुढं मलाही तसंच आठवायला लागलं, कांता."

"मी ऐकत आले. म्हटलं, बोलण्यानं काय झिजतं. पण त्या पोरानं ते छापलं. काचेत लावणार होते. माझ्या आईची वस्तू, आणि खाली यांचा खिसा." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चिरकला. "मी मेल्यावर तेच खरं राहिलं असतं. म्हणून उचलून आणली. माझी वस्तू मी आणली, यात कोणाचं काय गेलं?"

"भाऊजींचं गेलं," मधुमती म्हणाली. "शशिधरभाऊजींचं. चोरीचा आळ त्यांच्यावर आलाय."

कांताबाईंचा अंगठा थांबला. "कोणावर?" त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. "तुम्ही म्हणालात कोणीतरी सापडलाय. कोण ते नाही सांगितलं."

"तुला त्रास होईल म्हणून..."

"तो रोज येतोय. मला आंघोळ घालतोय, केस विंचरतोय. एका शब्दानं बोलला नाही मला." त्या खुर्चीतून उठायला बघत होत्या आणि गुडघे उठू देत नव्हते. "दारात त्यानं मला बघितलं होतं. पिशवीत काय ते त्याला कळलं. मी मान हलवली, सांगू नको म्हणून. त्यानंही मान हलवली. मला वाटलं आमच्या दोघांतलीच गोष्ट ती. फोन लाव गं अलकेला. आत्ताच्या आत्ता लाव!"

मधुमतीनं फोन लावून स्पीकरवर ठेवला. कांताबाईंनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. पलीकडं अलकाताई रडायला लागल्या. कमिटी बसायच्या आधीच ग्रुपवरून तो फोटो डिलीट झाला.

बाहेर पडताना मधुमतीनं भाऊजींना फोन केला. सगळं उलगडलं, हे सांगायला ती उतावीळ झाली होती. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मग म्हणाले, "बरं झालं गं. पण दुपारी एजन्सीचा फोन आला होता."

७

रविवारी समर शशिधरच्या फ्लॅटवर आला. हातात मिठाईचा डबा होता आणि तो कुठं ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

"सॉरी अंकल. रिअली. फोटोत तसाच दिसत होता."

"बस," शशिधर म्हणाले. "चहा घेशील?"

मधुमती समरकडं पाठ करून कप काढायला लागली. समरनं गुरुवारीच एजन्सीला मेल टाकला होता, लाल गोलासकट. कमिटी बसायची होती, तज्ज्ञाचं मत यायचं होतं, पण त्याला खात्री होती. त्याला वाटलं होतं की आपण जबाबदारीनं वागतोय.

"मी त्यांना परत लिहिला. की मिस्टेक झाली, फोटो मिरर होता, सगळं एक्स्प्लेन केलं," समर म्हणाला. "दे सेड थँक यू. पण कम्प्लेंट मागे नाही घेता येत. इन्क्वायरी होणार."

"किती दिवस?" मधुमतीनं विचारलं.

"नाही सांगितलं."

कांताबाईंनीही एजन्सीला फोन केला होता, दादासाहेबांना दुभाषी करून. पलीकडच्या बाईनं अदबीनं ऐकून घेतलं आणि लिहून घेतलं. पण आता प्रश्न उलट वाढले होते. हरवलेली वस्तू निघाली ती अशा घरात, जिथं शशिधर रोज कामाला जातात. म्हातारी बाई त्यांना वाचवायला तर बोलत नाही ना, हेही तपासायला हवं. चौकशी संपेपर्यंत त्यांनी कुठल्याच घरी जायचं नाही. तिथल्या माणसांशी बोलायचंही नाही. भेटून नाही, फोनवरही नाही.

"निदान तुम्ही तेव्हाच सांगायचं होतं, भाऊजी," मधुमती अखेर म्हणाली.

"कोणाच्या घरातलं बाहेर सांगायचं नाही, यावरच तर लोक मला दार उघडतात," शशिधर म्हणाले. त्यांनी तीन कप चहा आणून टेबलावर ठेवला. "ती वस्तू त्यांची होती, हे मला माहीत होतं. तेल लावताना सांगितली होती त्यांनी आईची गोष्ट. त्या स्वतः सांगतील कधीतरी, असं वाटलं."

समर कपाकडं बघत राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण या वेळी त्याच्याजवळ मत नव्हतं.

टेबलावरचा शशिधरचा फोन वाजला. पडद्यावर कांताबाईंचं नाव होतं. शशिधरनी हात पुढं केला आणि मागं घेऊन मांडीवर ठेवला.

"उचला ना, अंकल," समर म्हणाला.

"नाही उचलता येत."

"पण त्यांना काही हवा असेल तर?"

"हवंच असेल. सकाळपासून खुर्चीतच असतील, नवी बाई आली असेल तर तिला तेल कुठलं ते माहीत नसेल." ते फोनकडं बघत बोलत होते. "पण मी उचलला, तर मग कामच गेलं."

मधुमतीनं फोन उचलायला हात लांब केला. त्यांनी मान हलवली. तिघंही तसेच बसून राहिले. फोन वाजून वाजून थांबला, आणि थोड्या वेळानं परत वाजायला लागला.